मैत्रीतली थट्टा कोणाच्या जिवावर चालते

२०२० च्या जून महिन्यात वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने समाजमाध्यमांवर एक गोष्ट सांगितली. आयपीएलमध्ये खेळत असताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला संघातले काही जण ‘काळू’ अशी हाक मारायचे. या शब्दाचा अर्थ तगडा घोडा असा काहीतरी असावा, अशी त्याची समजूत होती. हाक मारली की हशा पिकायचा, आणि सगळे खुशीत आहेत म्हटल्यावर तोही त्यात सामील व्हायचा. खरा अर्थ कळेपर्यंत काही वर्षं निघून गेली. कळला तेव्हा त्याला राग आला, आणि जुन्या सहकाऱ्यांनी आपल्याशी बोलावं असं त्याने जाहीरपणे म्हटलं. त्यांच्यातल्या एकाशी त्याचं बोलणं झालंही. आपण प्रेमानेच तसं म्हणत होतो, असं त्या मित्राने सांगितलं आणि सॅमीने ते मानलं.

प्रेमानेच म्हटलं होतं, तर मग राग कशाचा? मित्रामित्रांत वंश, रंग, चेहरेपट्टी यांवरून बोलणं होतं आणि कोणीतरी दुखावतं, तेव्हा सगळा वाद इथेच अडकतो. एक म्हणतो, “माझ्या मनात तसलं काही नव्हतं.” दुसरा म्हणतो, “मला लागलं.” बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, म्हणूनच वाद मिटत नाही. हेतू बोलणाऱ्याच्या मनात असतो आणि लागतं ते ऐकणाऱ्याला. पहिल्याने आपला हेतू कितीही वेळा शपथेवर सांगितला, तरी दुसऱ्याला लागलेलं त्याने पुसलं जात नाही. हेतू स्वच्छ असला तर एक गोष्ट नक्की ठरते: हा माणूस अजूनही आपला मित्र आहे. तो शब्द पुढे चालू ठेवायचा की नाही, हे मात्र त्यावरून ठरत नाही. ते ठरवायला ज्याला तो शब्द झेलावा लागतो, त्याच्याकडेच जावं लागतं.

जाड्या, टकल्या चालतं. मग हे का नाही?

हा प्रश्न अनेक जण मनापासून विचारतात आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. मित्र एकमेकांना काय काय म्हणतात! उंचीवरून, पोटावरून, चष्म्यावरून नावं पडतात आणि जन्मभर चिकटतात. कातडीचा रंग किंवा डोळ्यांचा आकार हाही शरीराचाच भाग. मग त्याला वेगळा न्याय का?

जीवशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर रंगाला खरंच फार मोल नाही. रिचर्ड लेवॉन्टिन या आनुवंशशास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवलं की माणसामाणसांतला जनुकीय फरक सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. ज्यांना आपण ‘वंश’ म्हणतो त्या गटांमधला फरक त्या मानाने अगदी थोडा आहे.

फरक पडतो तो इतिहासाने. चष्मा लावणाऱ्यांना वेगळ्या वस्तीत राहायला लावणारा कायदा कोणी केला नाही. रंगावरून मात्र केला. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाची वंशावरून नोंद केली, आणि कुठे राहायचं, कोणत्या शाळेत शिकायचं, कोणाशी लग्न करायचं हे त्या नोंदीवरून ठरू लागलं. शंका आली तर अधिकारी माणसाच्या केसांत पेन्सिल खोचून पाहायचे. ती पडली तर एक वर्ग, अडकली तर दुसरा. एकाच घरातली माणसं अशा तपासण्यांमुळे वेगवेगळ्या वर्गांत गेली. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल इथे, कृष्णवर्णीयांनी ओळखीचा पास सतत जवळ बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसं मारली गेली. संयुक्त राष्ट्रांचा वंशभेदविरोधी दिवस त्याच तारखेला पाळतात.

‘टकल्या’ म्हटल्यावर माणसाला आपलं टक्कल आठवतं. वंशाचा शब्द वापरल्यावर त्याला आई-वडील आठवतात, भाड्याने घर शोधताना आलेला नकार आठवतो, शाळेतली ती एक दुपार आठवते. तो शब्द त्याने याआधी कुठे ऐकलेला असतो आणि तेव्हा पुढे काय घडलेलं असतं, हे आपल्याला माहीत नसतं. मित्राच्या तोंडून तोच शब्द आला की ते सगळं एकदम वर येतं, आणि त्या क्षणी मित्र आणि ते दुसरे लोक यांच्यातली रेघ पुसट होते. लागतं ते याचं. परक्याकडून आलेला शब्द माणूस झटकून टाकू शकतो. मित्राकडून आलेला घरी घेऊन जातो.

“पण तो तर हसला होता”

पाच जणांच्या टोळक्यात एक जण वेगळ्या वंशाचा आहे असं समजा. कोणीतरी त्याच्यावर विनोद करतं. चौघं हसतात. पाचव्याने काय करावं?

हसला, तर विनोद पुढच्या वेळी पुन्हा होणार. गप्प बसला, तर “अरे, रागावलास की काय?” हे ऐकावं लागणार. बोलला, तर मैफल विस्कटली ती त्याच्यामुळे, असं ठरणार. मग “तुला गंमत कळत नाही”, “हल्ली तुझ्याशी काही बोलायची सोय नाही” हेही आलंच. त्यानंतर सगळे त्याच्यासमोर सांभाळून वागू लागणार, म्हणजे तो पुन्हा एकटाच. विनोद करणाऱ्याला काहीच मोजावं लागत नाही. विरोध करणाऱ्याला मात्र मैत्रीच पणाला लावावी लागते. असा हिशेब असताना तो हसतो यात नवल नाही. म्हणून त्याचं हसणं हा संमतीचा पुरावा धरता येत नाही.

इंग्लंडच्या यॉर्कशर क्रिकेट क्लबचं प्रकरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. पाकिस्तानी वंशाचा अझीम रफीक तिथे खेळायचा. पाकिस्तानी लोकांना हिणवण्यासाठी ब्रिटनमध्ये जी शिवी वापरतात, ती त्याच्यासाठी ड्रेसिंग रूममध्ये वापरली जायची. चौकशी झाली, आणि ती भाषा मित्रामित्रांतल्या खेळीमेळीच्या थट्टेचा भाग होती, असा निष्कर्ष चौकशीच्या अहवालात निघाल्याचं उघड झालं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये क्लबने कोणावरही कारवाई न करण्याचं ठरवलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की प्रायोजक सोडून गेले, अध्यक्षांना जावं लागलं आणि १६ नोव्हेंबरला रफीकने ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली. ज्या सहकाऱ्याने ती शिवी वापरल्याचं कबूल केलं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे रफीक त्याचा जवळचा मित्र होता. मला यात खोटं काही दिसत नाही. मैत्री खरीच असावी. पण त्या मैत्रीत एकाला मोकळेपणा होता आणि दुसऱ्याला तो सोसावा लागत होता.

त्याच क्लबकडून आपला चेतेश्वर पुजाराही खेळला. त्याचं नाव उच्चारायला जड जातं म्हणून सहकाऱ्यांनी त्याला ‘स्टीव्ह’ करून टाकलं. मला स्वतःला चेतेश्वर म्हटलेलं आवडेल, असं पुजाराने २०१८ मध्ये अगदी सौम्यपणे सांगितलं होतं. रफीकच्या साक्षीत हे नाव पुन्हा आलं, तेव्हा कुठे लोकांना त्यात गैर दिसलं. सौम्यपणे सांगितलेलं तीन वर्षं कोणाच्या कानावर गेलं नव्हतं.

लहान लहान गोष्टी

शिवी निदान ओळखू तरी येते. त्यापेक्षा अवघड ते बोलणं, जे बोलणाऱ्याला कौतुक वाटतं. “तू किती छान बोलतोस आमची भाषा!” हे जिचा जन्म इथलाच आहे तिला ऐकावं लागतं. “तू काळी असूनही सुंदर दिसतेस.” यातला ‘असूनही’ सगळं सांगून जातो. “मूळची कुठली?” या प्रश्नाला तिने शहराचं नाव सांगितलं की “नाही, म्हणजे खरी कुठली?” गणितात कोणी हुशार निघालं की “तुमच्या लोकांना ते जमतंच”. केसांना न विचारता लावलेला हात. नक्कल करून दाखवलेली बोलण्याची लकब.

हार्वर्डमधले मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० साली अशा बारीक, रोजच्या आघातांना ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ असं नाव दिलं. २००७ मध्ये डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे प्रकार पाडले, आणि तिथून हा शब्द सगळीकडे पसरला. त्यावर टीकाही झाली. स्कॉट लिलियनफेल्ड या मानसशास्त्रज्ञाने २०१७ मध्ये म्हटलं की या संकल्पनेची व्याख्या सैल आहे आणि तिच्या परिणामांबद्दलचे दावे पुराव्यापेक्षा मोठे आहेत. ही टीका वाचण्यासारखी आहे. प्रत्येक अवघडलेल्या वाक्याला एकच लेबल लावलं की संवादच बंद पडतो, हे खरं. पण पिअर्स यांनी जे पाहिलं ते त्यामुळे खोटं ठरत नाही. यातलं एखादं वाक्य एकदा ऐकलं तर माणूस विसरून जातो. तेच वाक्य दर नव्या ओळखीत, दर पार्टीत, दर नव्या नोकरीत ऐकावं लागलं, तर प्रश्न त्या वाक्यापुरता राहत नाही. म्हणणारा ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणत असतो. ऐकणाऱ्याला ते किती वेळा ऐकलं याची मोजदादही राहिलेली नसते.

“तुम्ही सगळे सारखेच दिसता” या वाक्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण त्यामागे एक खरी गोष्ट आहे. ज्या वंशाचे चेहरे पाहायची सवय नाही, ते आपल्याला एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. १९६९ मध्ये रॉय मालपास आणि जेरोम क्रॅव्हिट्झ यांनी प्रयोग करून हे दाखवलं आणि पुढे अनेकांनी ते पडताळलं. साक्षीदाराने भलताच माणूस ओळखल्यामुळे निरपराधांना शिक्षा झाल्याच्या प्रकरणांतही हा दोष दिसतो. तेव्हा चेहरा चुकला तर लाजून मरायचं कारण नाही. “माझी गल्लत झाली” म्हणावं आणि पुढच्या वेळी नीट पाहावं. “तुम्ही सगळे सारखेच” असं म्हटलं की आपल्या नजरेचा दोष आपण त्यांच्या चेहऱ्यांवर टाकतो.

जवळच्यांना चालतं ते आपल्याला का चालत नाही

ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली ‘थट्टेच्या नात्यां’वर लिहिलं. अनेक समाजांमध्ये काही नाती अशी असतात की त्यांत एकाने दुसऱ्याची टर उडवायची आणि दुसऱ्याने रागवायचं नाही, असा संकेतच असतो. त्यांनी त्याला परवानगी असलेला अनादर म्हटलं. यातली परवानगी फार महत्त्वाची आहे. ती कोणी दिली, कोणाला दिली आणि कुठपर्यंत दिली, हे त्या नात्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मित्रांच्या थट्टेतही तेच चालतं, फक्त परवानगी कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून ती गृहीत धरण्याची चूक होते.

यातूनच आणखी एक कोडं सुटतं. ज्या शब्दाने एका गटाला पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलं, तोच शब्द त्या गटातली माणसं आपापसांत बिनदिक्कत वापरतात. बाहेरच्याने वापरला की चालत नाही. बाहेरच्याला यात अन्याय वाटतो. पण आपण घरात आपल्या वडिलांना हट्टी म्हातारा म्हणतो, आणि तेच शेजाऱ्याने म्हटलं की आपल्याला खपत नाही. यात कोणाला अन्याय दिसत नाही. त्या शब्दाचा मार ज्यांनी खाल्ला, त्यांनी आपसांत तो बोथट करून घेतला. ती सोय त्यांच्यापुरती आहे. एखाद्या जवळच्या मित्राने “तू म्हण, मला चालतं” असं सांगितलं, तरी ती परवानगी त्या एका माणसाची, त्या एका माणसापुरती. दुसऱ्या कोणासमोर ती दाखवता येत नाही.

शब्द जागा बदलतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण म्हणजे एडिन्सन कवानी. तेव्हा मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबकडून खेळणाऱ्या या उरुग्वेच्या फुटबॉलपटूने नोव्हेंबर २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर एका मित्राच्या अभिनंदनाला उत्तर दिलं: ‘ग्रासियास, नेग्रितो’, म्हणजे शब्दशः ‘धन्यवाद, काळ्या’. उरुग्वेत हा लाडाचा शब्द आहे आणि कुठल्याही रंगाच्या जिवलग माणसाला म्हटला जातो. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्याला ३ सामन्यांची बंदी आणि १ लाख पौंडांचा दंड केला. त्याचा हेतू वर्णद्वेषी नव्हता, हे शिक्षा ठरवणाऱ्या आयोगाने स्वतःच मान्य केलं होतं. उरुग्वेच्या साहित्य अकादमीने या शिक्षेचा जाहीर निषेध केला. माझं मत अकादमीच्या बाजूने झुकतं. सॅमीला जो शब्द कळत नव्हता त्यावर इतर हसत होते. इथे शब्द दोघांनाही कळत होता आणि तो मिळाल्याने मित्र दुखावला नव्हता. कवानीला समजावून सांगणं पुरेसं होतं, आणि त्याने तो मजकूर काढून माफीही मागितली होती. मात्र एक गोष्ट खरी: जाहीर ठिकाणी लिहिलं की ऐकणारा एकच मित्र उरत नाही. लाखो माणसं तो शब्द आपापल्या अनुभवाने वाचतात.

तिसरा माणूस

विनोद दोघांत होतो असं वाटतं, पण तो तिसराही ऐकत असतो. थॉमस फोर्ड या मानसशास्त्रज्ञाने हिणवणाऱ्या विनोदांवर बरीच वर्षं काम केलं आहे. विनोद ऐकून कोणी नव्याने द्वेष करू लागत नाही. पण ज्याच्या मनात आधीच अढी आहे, त्याला विनोदातून कळतं की या घोळक्यात हे खपतं. २००८ मधल्या एका अभ्यासात स्त्रियांना हिणवणारे विनोद ऐकल्यावर मुळातच स्त्रीद्वेष्ट्या पुरुषांनी स्त्री-संघटनेला कमी मदत द्यायची तयारी दाखवली. इतरांवर तसा परिणाम झाला नाही. म्हणजे तुमच्या मनात काही नसेलही. ते कोणाच्या मनात आहे आणि तुमच्या हसण्याने कोणाला धीर आला, हे तुम्हाला दिसत नाही.

आणि आपण समजतो तितके आपण बोलके नसतो. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या केरी कावाकामी आणि सहकाऱ्यांचा २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास वाचून वाईट वाटतं. एका खोलीत एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा माणूस असतो. कृष्णवर्णीय माणूस बाहेर जातो आणि गोरा त्याच्याबद्दल वर्णद्वेषी शब्द काढतो. असं झालं तर तुम्हाला काय वाटेल, असं ज्यांना नुसतं विचारलं, ते म्हणाले की आम्ही फार अस्वस्थ होऊ आणि त्या गोऱ्या माणसाला टाळू. ज्यांच्यासमोर हे प्रत्यक्ष घडलं ते फारसे अस्वस्थ झाले नाहीत, आणि पुढच्या कामासाठी जोडीदार निवडताना अनेकांनी त्याच माणसाची निवड केली.

बोलल्याने मात्र फरक पडतो. अलेक्झांडर चॉप, मार्गो मॉन्टिथ आणि आयमी मार्क यांनी २००६ मध्ये दाखवलं की वंशावरून केलेल्या ठोकळेबाज बोलण्याबद्दल टोकल्यावर माणसाला राग येतो, तरी नंतर तो तसं कमी बोलतो. सौम्य शब्दांत टोकलं तर राग कमी येतो. चॉप यांच्याच २०१० च्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: गोऱ्या माणसाने टोकलं तर ते लोकांना पटतं, आणि तेच कृष्णवर्णीय माणसाने टोकलं तर तो उद्धट वाटतो. वरच्या पाच जणांच्या टोळक्यात बोलायचं कोणी, याचं उत्तर यात आहे. ज्याला लागलं त्याच्यावर ते टाकू नये. उरलेल्या चौघांतल्या एकाने “जाऊ दे ना, विषय बदल” एवढं म्हटलं तरी पाचव्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

सांभाळून बोलायचं म्हणजे विषयच टाळायचा, असं मात्र नाही. मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक खेळ खेळायला लावला. प्रश्न विचारत विचारत समोरच्या फोटोंतला नेमका फोटो ओळखायचा होता. जोडीदार कृष्णवर्णीय असला की गोरे खेळाडू “माणूस काळा आहे का?” हा साधा प्रश्न विचारायचं टाळत, त्यामुळे खेळही बिघडे आणि त्यांचं वागणंही तुटक होई. “तिकडे उभा असलेला काळा मुलगा” असं वर्णन करण्यात अपमान नाही. चोरट्या आवाजात “तो... म्हणजे... तसा दिसणारा” म्हणण्यात मात्र काळं असणं ही लपवायची गोष्ट आहे, असं कबूल केल्यासारखं होतं.

मित्र येऊन सांगतो तेव्हा

समजा, मित्र येऊन म्हणाला, “तू काल बोललास ते मला आवडलं नाही.” हे म्हणायला त्याने किती वेळ घेतला असेल याचा अंदाज करा. त्याने तुमच्यावर विश्वास टाकला आहे. ज्यांच्याबद्दल आशा सोडली त्यांना कोणी असं सांगायला जात नाही. उत्तर छोटं असू द्यावं: “चुकलं माझं. पुन्हा म्हणणार नाही.” “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” यातला ‘तर’ काढून टाकावा. आपले इतर कोणकोण मित्र त्या वंशाचे आहेत, हे सांगत बसू नये. आणि आपल्याला किती अपराधी वाटतंय हे इतकं ताणू नये की उलट त्यालाच आपली समजूत काढावी लागेल.

तो तुम्हाला वर्णद्वेषी म्हणत नाही, एका वाक्याबद्दल बोलतो आहे. ते वाक्य सोडून दिलं की काम झालं. सगळ्या स्वभावाचाच निवाडा मागायला निघालात तर त्याला निवाडा करावा लागेल, आणि तो कोणालाच नको असतो.

रफीकच्या साक्षीनंतर दोनच दिवसांनी त्याचे स्वतःचे २०११ मधले संदेश बाहेर आले. एका सहकाऱ्याशी बोलताना त्याने ज्यू लोकांबद्दल ओंगळ शेरे मारले होते. त्याने आपली चूक मान्य केली, लाज वाटते असं म्हटलं आणि ज्यू समाजाची माफी मागितली. त्याच्यावर जे गुदरलं ते यामुळे कमी होत नाही, आणि त्याने जे लिहिलं तेही त्याने सोसलेल्यामुळे माफ होत नाही. ज्याने स्वतः झेललं तोही दुसऱ्या गटाबद्दल तेच करू शकतो. म्हणून “आम्हालाही लोक काय काय बोलतात, आम्ही कुठे रडतो?” हा युक्तिवाद पुढे येतो तेव्हा थोडं थांबून विचारावं: खरंच लागत नाही, की लागलेलं सांगायला जागाच मिळाली नाही? मित्रांमध्ये अशी विचारपूस एकदा तरी मोकळेपणाने व्हायला हवी, आणि ती थट्टा रंगात आलेली असताना सगळ्यांसमोर करू नये. दोघंच असताना विचारावं, “तुला मी हे म्हणतो, ते तुला खरंच चालतं का?” आणि उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नये.